जावयाचा शर्ट

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

तेव्हा मी म्हैसूरला सब-इन्स्पेक्टर होतो. सरस्वतीपुरममधल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तक्रार दिली. डिझेल गाडीचं इंजिन फुटलं होतं, ड्रायव्हरने टाकीत रॉकेल मिसळलं असावं असा त्यांचा संशय. घर मराठी, आमच्या ओळखीतलं. त्यात एका खबऱ्याने सांगितलं की हा ड्रायव्हर गाडीतलं डिझेल काढून विकतो. झालं! सकाळीच त्याला ठाण्यात आणून बाकावर बसवलं.

"सार, आज मुलीला बघायला कृष्णराजनगरचे पाहुणे येताहेत," तो हात जोडून म्हणाला. "तेवढं जाऊन येतो."

"खरं बोल, लगेच सोडतो," मी दरडावलं. असली नाटकं मी फार पाहिली होती.

पंचनाम्यासाठी गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. टाकीतल्या डिझेलला रॉकेलचा वासही नव्हता. आतल्या नळ्यांवर काजळीचा थर होता. पण जळलेला धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, जिला मेकॅनिक ईजीआर म्हणतात, ती घासलेल्या भांड्यासारखी लख्ख. कोणीतरी ती नुकतीच साफ केली होती.

मी प्राध्यापकांच्या घरी गेलो. "गाडीला कोणी हात लावला होता?" "ड्रायव्हरशिवाय कोणी नाही," प्राध्यापक म्हणाले. पुण्याहून आलेले इंजिनिअर जावई सोफ्यावर कॉफी पीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची उलटतपासणी आपल्यात कोण करतं? मीही कॉफी प्यायलो, परत आलो आणि ड्रायव्हरलाच पुन्हा फैलावर घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुपार कलल्यावर प्राध्यापकांच्या पत्नी पिशवी घेऊन ठाण्यात आल्या. त्यांनी माझ्या टेबलावर काळ्या डागांचा शर्ट ठेवला.

"अय्यो साहेब, स्वल्प ऐका. आमच्या जावयाचा आहे. किती घासला, काळं जातच नाही. सांगायला लाज वाटते हो, पण त्या माणसाला बसवून ठेवलंत, ते मला बघवत नाही."

जावयाला बोलावलं. पहिल्याच प्रश्नाला ते रडकुंडीला आले. "झडप काढून पुसली. मग आतून साफ व्हावं म्हणून चालू इंजिनात काजळी काढायचा स्प्रे मारला, जरा जास्तच. ते त्या स्प्रेवरच सुसाट सुटलं, किल्ली काढली तरी थांबेना, शेवटी फुटलं. इंजिनिअर जावई मी, सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

खबऱ्याचं ड्रायव्हरशी जुनं भांडण होतं, हेही त्यानंतर कळलं. आधी चौकशी करायचं काम माझं होतं.

ड्रायव्हरला सोडलं तोवर पाहुणे येऊन गेले होते. मुलीचा बाप पोलीस ठाण्यात आहे म्हटल्यावर ते पाणीही न पिता उठले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः कृष्णराजनगरला गेलो, हात जोडले, सगळं सांगितलं. त्यांनी आदराने बसवलं, पण नकार काही बदलला नाही.

ते सांगायला ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो चिडला नाही, एवढंच म्हणाला, "सार, मलाही काल जावई मिळाला असता."

ज्याला विचारताना आपली जीभ अडते, त्यालाच आधी विचारायचं, हे मी पुढे नोकरीभर पाळलं. त्या मुलीला त्याचा काय उपयोग?