दाजींचं गंजाचं पिंप

लोखंडावर चढलेल्या गंजावर जीव जडलेला माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या आक्काचा नवरा होता. उमापुरात घरोघरी रंगीत टीव्ही आणि चकचकीत स्टीलची भांडी यायला लागली, त्याच वर्षांत आमचे दाजी सायकलला पोतं बांधून लोकांकडे गंज मागत फिरायचे. मांडवात सगळे नवरीकडे बघत, दाजी मंगल कार्यालयाच्या फाटकाकडे. नखानं खरवडून गंज हातरुमालात बांधून घेत. मी अशा वेळी पंगतीत लांब बसायचो. कुणी विचारलंच, तर "ओळखीचे आहेत" एवढंच सांगायचो. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

मुळात सगळं आक्काच्या जोडव्यांपायी झालं. दाजींनी परसात गोबर गॅस बसवला. त्याला सडक्या अंड्याचा वास, आणि त्या वासाचा जो वायू असतो तो चांदीलाही खातो. थोड्याच दिवसांत आक्काची जोडवी तव्यासारखी काळी झाली. एरवी चढ्या आवाजात न बोलणारी आक्का म्हणाली, "सवाष्णीची जोडवी काळी बघून बाया काय बोलायल्यात, इचारा जरा. पुन्हा काळी पडली की मी चुलीवर, अन् तुमी तुमच्या गॅसवर."

दाजी हादरले. गॅस गंजातून सोडला की तो घाणेरडा वायू गंजालाच धरून बसतो, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि नळीच्या मधोमध एक पिंप बसवलं. त्यात लाकडाच्या भुशात कालवलेला गंज. तो कमी पडला, तेव्हा लेथवाल्याकडून लोखंडाचा कीस आणून त्यावर तुळशीसारखं रोज पाणी घालू लागले. मी भंगारवाले म्हणून चिडवलं, तर शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, लोखंड चमकायलंय म्हंजी ते अजून कामाला लागलं न्हाई."

पिंपातला काळा पडलेला गंज हवेवर टाकला की पुन्हा तांबडा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तसं होताना तो तापतो, हे मात्र नव्हतं. पाहुणे येणार म्हणून त्यांनी सगळा झाडून ढीग केला आणि वर धोतर वाळत घातलं. पंगत बसली आणि ढिगातून धूर निघाला. धोतराला मधोमध खिडकी पडली. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, "लई बघितलं बे, पर गंज पेटलेला न्हाई बघितला." तेव्हापासून दाजी तो पातळ पसरून पाणी शिंपडत, आणि सकाळी उठल्याउठल्या देवाच्या आधी आक्काची पावलं बघत. गल्लीला वाटायचं, हा बायकोच्या पाया पडतो. जोडवी मात्र पांढरीशुभ्र राहिली.

दाजी गेले, आणि रीतीप्रमाणे जोडवी उतरली. पुढे एकदा गेलो, तर ती शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेली.

"पेटीत ठेवून काय करू?" आक्का म्हणाली. "हितं दिसत्यात तरी. काळी पडली की पिंपातला गंज बदलायचा, असं ते म्हणायचे."

जोडव्यांवर काळसर झाक आली होती. आक्काही ती बघत होती. पिंपातला जुना गंज आता हवेवर टाकूनही तांबडा होत नव्हता, पण नव्या गंजासाठी दारोदार जाणार कोण?

मागच्या लग्नसराईत मी मंगल कार्यालयाच्या फाटकाशी वाकून नखानं खरवडत होतो. कुणीतरी विचारलं, हे काय करताय?

"आमच्या दाजींचं काम आहे," मी म्हणालो आणि हातरुमाल पसरला.