अथेन्सची देवी, मुक्काम नॅशव्हिल

"मॅम! पुट इट डाउन! स्लोली!"

गार्ड असा ओरडला की चार मजली देवीच्या हातातला भाला लटपटला. लटपटलाच; मी खालीच उभा होतो. सासूबाईंनी पर्समधून खण आणि शेंडीचा नारळ बाहेर काढला होता, आणि त्या भल्या माणसाला शेंडी म्हणजे बॉम्बची वात वाटली. सासूबाई ढिम्म. "जावईबापू, सांगा ह्याला, देवीची ओटी अशी जमिनीवर ठेवत नाहीत."

खरं तर आम्ही अथेन्सला असायला हवं होतं. सासूबाईंना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले होते, दिसतंय तोवर काय बघायचं ते बघून घ्या. त्यांना एकच बघायचं होतं: लहानपणी वडिलांनी दिलेल्या चित्रातली, अथेन्सच्या टेकडीवरच्या देवळातली सोन्याची देवी. हातात भाला, शेजारी नाग. तिकिटं काढली आणि माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं. वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येण्याची खात्री नाही. मला वकिलाचा संशय आला, ऑफिसचा आला, शेवटी देवीचाही आला. बोलवायचं हिनेच आणि दारात अडवायचंही हिनेच? ट्रिप कॅन्सल केली. मग बायकोने शोधून काढलं की टेनेसीत, नॅशव्हिलच्या बागेत, त्या देवळाची हुबेहूब नक्कल आहे, आत देवीसकट. आमच्या ओहायोतल्या डब्लिनहून ड्राइव्ह करून जाता येतं. मी आधीच सांगून टाकलं, "आई, हे ओरिजिनल नाही हं, कॉपी आहे."

"तुमच्याकडे दरवर्षी गणपती बसतो," त्या म्हणाल्या, "तो ओरिजिनल असतो वाटतं?"

मी गाडी काढली, आणि केंटकी ओलांडून थेट टेनेसीत घातली.

तर गार्ड ओरडत होता आणि मी मनातल्या मनात तुरुंगातलं जेवण चाखत होतो, तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. वयाने देवीपेक्षा फार तर दोन वर्षांनी लहान. मी आधी पाकीट दाबून धरलं. अमेरिकेत आपणहून मदतीला धावलेला एकच माणूस मला भेटलाय, आणि त्याने मला इन्शुरन्स विकला. म्हातारीने गार्डच्या दंडावर हात ठेवला. "मुला, हा नैवेद्य आहे. आमच्याकडे बायका असंच आणतात." गार्ड विरघळला. "टू मिनिट्स. आणि तो नारळ बाहेर न्यायचा."

मग ती माझ्याकडे वळली. कुठून आलात? मी सावधपणे ओहायोपुरतंच उत्तर दिलं. ती म्हणाली, "मी अथेन्सची. टेकडीच्या पायथ्याशीच घर माझं." आम्हाला तिथे जाता आलं नाही, हे माझ्या तोंडून निघून गेलंच. ती खो खो हसली. "बरंच झालं! तिथे नुसते खांब आहेत. देवी कुठली? तिला जाऊन शतकं लोटली. मीच तिला बघायला इथवर आले." माझा विश्वास बसेना. तिच्यादेखत फोन काढून तपासलं. खरं होतं.

सासूबाईंना आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. त्यांनी देवी तुकड्यातुकड्याने पाहिली. आधी पाऊल, मग नाग, ढाल. मान मागे मागे जात राहिली आणि मी पाठीला हात दिला. सोनं असं लखलखत होतं की बंद डोळ्यांनीही दिसावं. "दिसली हो," त्या हळूच म्हणाल्या. मग ओटी वर उचलून देवीला दाखवली आणि नारळ त्या म्हातारीच्या हातात ठेवला. तिने तो तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला.

परतीच्या वाटेवर मी जीपीएसवरही संशय घेतला नाही. बायकोने दोनदा ताप आहे का विचारलं. हट्टाने अथेन्सला पोचलो असतो, तर त्या डोळ्यांतलं उरलंसुरलं दिसणं रिकाम्या गाभाऱ्यावर खर्ची पडलं असतं. अडवणारा हातच वाट दाखवत होता, आणि मी त्याच्याशी भांडत होतो. त्या हाताचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही; भांडण तेवढं सोडलंय. स्वभाव संशयी तो संशयीच. पण त्या म्हातारीला कोणी पाठवलं, हा एक संशय मी मुद्दाम फिटू दिलेला नाही.

पुढे एक्स्टेन्शन आलं. सासूबाई बोटांनी चाचपत मेथी निवडत होत्या. मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. "आई, सुटलो! काढू अथेन्सची तिकिटं?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "कशाला? तिथे कोण आहे?"