त्याने न मारलेले दोन गोल

जिल्हा दैनिकात एक पद्धत आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी दुपारीच येते आणि ती भूतकाळात लिहिलेली असते. आयोजकांचा माणूस व्हॉट्सॲपवर प्रेसनोट टाकतो: कार्यक्रम उत्साहात पार पडला, टाळ्यांचा कडकडाट झाला, आभार अमुक यांनी मानले. त्या वेळी मैदानावर मंडपाचे खांबही उभे राहिलेले नसतात. दूरच्या तालुक्यांत आणि शेजारच्या जिल्ह्यात जाणारी डाक आवृत्ती सहाला बंद होते, म्हणून चारच्या कार्यक्रमाची वाट बघत बसता येत नाही, असं कारण दिलं जातं. लातूरच्या कार्यालयात मी ते बरीच वर्षे दिलं आणि स्वीकारलं.

तो खेळाडू नांदेडचा. वडील ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात. मी नांदेडला बातमीदार असताना त्याला पहिल्यांदा खेळताना पाहिलं. मधल्या फळीत खेळायचा. चेंडू पायाशी येण्याआधी तो दोनदा मागे वळून बघायचा, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्या मैदानावर दुसरं कोणी तसं करत नव्हतं. सामना संपल्यावर मी विचारलं, गोल किती मारलेस आतापर्यंत?

"गोल न्हाई सर. मी घेतो आन् देतो."

हे वाक्य मी बातमीत घातलं होतं. उपसंपादकाने ते काढलं. गोल नाही तर बातमी कशाची, असं तो म्हणाला. पुढे हा मुलगा गोव्याला खेळला, कोलकात्याला खेळला आणि मग ओमानमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबने त्याला घेतलं. तिथे तो तीन हंगाम टिकला. आमच्या पानावर त्याचं नाव त्या काळात एकदाच आलं, विमानात बसला त्या दिवशी.

तिसरा हंगाम संपवून तो घरी आला तेव्हा त्याचा डावा गुडघा सुजलेला होता आणि करार संपत आला होता. पुढच्या दोन वर्षांच्या कराराचं बोलणं क्लबशी सुरू होतं. क्लबची अट साधी होती. सुट्टीत आराम करायचा, दुसरीकडे कुठेही सामना खेळायचा नाही. त्या अटीच्या कागदावर त्याची सही होती.

त्याच सुट्टीत लातूरला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त फुटबॉलची चषक स्पर्धा भरली. 'मराठवाड्याच्या सुपुत्राचा' सत्कार ठरला. त्याच्या वडिलांना चार फोन गेले. पाचव्या फोनला वडील हो म्हणाले.

मी साडेतीनला मैदानावर पोचलो. प्रेसनोट दोन वाजताच आली होती आणि मी ती डेस्ककडे पाठवून मोकळा झालो होतो. तीत लिहिलं होतं की सुपुत्राने प्रदर्शनी सामन्यात पूर्ण वेळ खेळून दोन अप्रतिम गोल नोंदवले.

मंडपात सोफ्यांची रांग होती. पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाने त्याच्या डोक्यावर फेटा बांधवला आणि हातात टी-शर्ट दिला. टी-शर्टवर पुढाऱ्याचं तोंड छापलेलं होतं.

"हे घाल आन् उतर."

"साहेब, मी आरामच करून राहिलो. क्लबची मनाई हाय."

"अरे, ओमानला कोण सांगायला जातंय? पाच मिनिटं. फोटोपुरतं."

"फोटो काढा की. खेळत न्हाई मी."

सहायक हसला. "लई मोठा झालास बे." मग आयोजकांनी तडजोड काढली. फेटा, सदरा आणि पायात चामड्याची चप्पल, अशा वेषात त्याने मध्यभागी ठेवलेला चेंडू एकदा ढकलला, हात जोडले आणि सोफ्यावर येऊन बसला. मागून कोणी ओरडलं, "काय ओमान, पाय तिकडंच ठिवून आलास काय?" सोफ्यांवरचे सगळे हसले. पुढारीही हसला. खेळाडू मांडीवर सत्काराचा नारळ धरून समोर बघत राहिला.

तेव्हा साडेचार वाजले होते. पान सहाला बंद होणार होतं. माझ्या फोनला रेंज होती. मी डेस्कला फोन केला नाही. कारण मोठं नव्हतं. नाश्त्याच्या पाकिटात कचोरी आणि बर्फी होती आणि मी ती खात होतो. असल्या मजकुरातलं खरंखोटं कोणी तपासत नाही, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी जशीच्या तशी आली. सोबत चेंडू ढकलतानाचा फोटो होता. चप्पल बरी दिसत नाही म्हणून पान लावणाऱ्याने तो कमरेपासून वर कापला होता.

पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी ते कात्रण क्लबच्या नावाला जोडून फेसबुकवर टाकलं. क्लबच्या व्यवस्थापकाने फोनवर भाषांतर करून वाचलं: पूर्ण वेळ, दोन गोल. कराराचं बोलणं थांबलं. खुलासा मागवला गेला, मुदत आठ दिवसांची.

तो बसने नांदेडहून लातूरला, आमच्या कार्यालयात आला. जिना चढताना त्याने कठडा धरला होता. त्याला एवढंच हवं होतं, की बातमी चुकीची होती असं दैनिकाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह लिहून मिळावं.

संपादकांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. "आपण खोटं छापलं असं आपणच लिहून द्यायचं? उद्या रांग लागेल इथं. दोन ओळींची दिलगिरी टाकू. अनावधानाने त्रुटी राहिली, अशी."

"कोणती त्रुटी, ते लिहा की सर."

"तेवढ्या तपशिलात जायचं नसतं."

"मग त्यांना काय कळणार?"

संपादक माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला खाली सोडा."

खाली रसवंतीच्या बाकावर बसून त्याने मला विचारलं, "तुम्ही तर होता ना तिथं? तुम्ही द्या लिहून."

मी लिहून दिलं. इंग्रजीत, कोऱ्या कागदावर: मी त्या दिवशी मैदानावर हजर होतो, हा खेळाडू सामना खेळला नाही. खाली नाव आणि सही. त्या दैनिकाचा बातमीदार मीच आणि ती बातमी मीच न बघता पाठवली, हे वाक्य मी मनात दोनदा जुळवलं आणि लिहिलं नाही. नोकरीचा विचार केला, असं म्हणता येईल. खरं तर विचार करण्याइतका वेळ मी घेतलाच नव्हता. त्याने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, घडी घातली.

क्लबने उत्तर पाठवलं, की एका प्रेक्षकाचं पत्र ग्राह्य धरता येत नाही. करार झाला नाही. दिलगिरीच्या दोन ओळी आमच्या पानावर निविदांच्या खाली आल्या होत्या. त्या मीच टाईप केल्या होत्या.

काही महिन्यांनी मी कामासाठी नांदेडला गेलो, तेव्हा त्याच्या घरी गेलो. तो पलंगावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होता. गुडघा बरा झाला की परत जाणार, असं त्याने घरात सांगितलेलं होतं. त्याच्या आईने पाणी आणलं, मी पेपरवाला आहे हे ऐकलं आणि भिंतीवरचं कात्रण खाली काढलं. तिने ते लॅमिनेट करून घेतलं होतं.

"भैया, एवढी वर्षं खेळला, पेपरात कधी गोल आला न्हाई ह्याचा. ह्याच्यात दोन हायत म्हणे. मला उर्दू वाचता येतं, मराठी न्हाई. शेजारचे वाचून दाखवत्यात, पर अर्धंच वाचत्यात. तुम्ही सगळं वाचा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने पट्ट्याची पकड एकदा सोडून पुन्हा घट्ट केली.

"वाचा की सर," तो म्हणाला. "तुमचंच हाय."

मी कात्रण हातात घेतलं. प्लॅस्टिकखाली एक केस अडकलेला होता. पुढाऱ्याच्या नावापासून आभारापर्यंत मी सगळं वाचून दाखवलं. दोन गोलांचं वाक्य आलं तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.