रावसाचं डोकं

कळव्याच्या खाडीवर एक जोडगळ माझ्या नावानं ओळखला जातो. तो माझा नाही. माझ्या धाकट्या भावाचा आहे.

तो कसा बांधतात ते सांगतो, कारण त्याच्यात मला आजही खोट दिसत नाही. चालत्या होडीमागून तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, ओढत रावस धरायचा, तर एकाच तंगसाला दोन नकली मासे लावायचे, एकामागे एक. पुढचा मोठा, चकचकीत, पण बिनगळाचा. त्याच्या शेपटीला हातभर तंगूस आणि टोकाला बोटाएवढा हलका मासा. गळ फक्त त्यालाच. रावस चमक बघून येतो आणि मागं पडलेलं पिल्लू समजून लहानावर तुटून पडतो.

मी आधी दोघांनाही गळ ठेवले होते, जड मासा मागे. होडी वळली की पुढचा गळ मागच्या तंगसात अडकायचा आणि वर यायचा तो नुसता गुंता. सुकाणूवर बसलेला भाऊ हसायचा.

"दादूस, जाळं विणतोस काय?"

"तू सुकाणू सांभाळ."

"पुढच्याचा गळ काढ रं. जड पुढं, हलका मागं."

"बिनगळाचा मासा काय शोभेला न्यायचा?"

शेवटी चिडून मी सगळं सामान त्याच्या हातात दिलं. त्यानं बांधलं, मी ओढलं, आणि दुपारपर्यंत होडीत दोन मोठे रावस पडले. धक्क्यावर कुणीतरी विचारलं, ही बांधणी कुणाची? मी म्हणालो, माझी. भाऊ शेजारीच होडीचा दोर बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

आमच्या घरात रावसाचं डोकं गळ बांधणाऱ्याच्या ताटात जातं, ओढणाऱ्याच्या नाही. त्या संध्याकाळी आईनं ते मला वाढलं. पुढे वर्षानुवर्षं मलाच. भावानं हळूहळू रावस खाणंच सोडलं. खाडीतली साधी मासळी घ्यायचा आणि विचारलं तर म्हणायचा, "मला बोय बरी."

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी वर्तकनगरला राहतो. होडी भावाकडे आहे. परवा दोघं गेलो होतो, एक रावस मिळाला. गाठी मी मारल्या होत्या, पण बांधणीची रीत त्याची. धक्क्यावर एकानं मला जोडगळाबद्दल विचारलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ह्याला विचारा. पहिल्यापासून ह्याचाच आहे. मी तेव्हा खोटं बोललो."

"दादूसला ऊन लागलंय आज," भाऊ म्हणाला. लोक हसले. मी हसलो नाही.

डोक्याचं कालवण मी स्वतः केलं आणि पातेलं त्याच्या घरी नेऊन दिलं. तो घरात नव्हता. खाईल की सुनेला देईल, सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पातेलं परत आलं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. आत माझा होडीत राहिलेला जोडगळ होता. मी फोन लावला.

"डोकं खाल्लंस?"

"मीठ कमी होतं," तो म्हणाला. "आणि मागची गाठ सुटली असती तुझी. परत बांधलीय."