भाऊ बार्बाडोसला निघाला तेव्हा

धाकट्या भावाला बार्बाडोसच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि मस्तगडच्या आमच्या घरातली स्वस्थता गेली. तो बॅग भरायचा, पुन्हा उपसायचा. बाबा दारापर्यंत जाऊन परत यायचे. मी शाळेत भूगोल शिकवते, तरी नकाशावर ते बेट सापडायला मला वेळ लागला.

मग मी वाचतच सुटले. एका संध्याकाळी बाबांना सांगायला बसले.

"शेजारची बहुतेक बेटं ज्वालामुखीची, बाबा. हे तसं न्हाई. समुद्राचा एक तळ दुसऱ्याखाली सरकत गेला, वरचा गाळ खरवडून साचला आणि वर आला. त्यावर पोवळ्यांचा चुनखडक चढला."

"म्हंजे आपल्यासारखा काळा दगड न्हाई?"

"न्हाई. अन् अजून सावकाश वर येतंय."

"हालती जमीन," ते म्हणाले आणि उठून पुन्हा दाराशी गेले.

त्यांना बसतं करायला मी इतिहासाकडे वळले. "इंग्रज उतरले तेव्हा बेट रिकामंच होतं. आधीची माणसं परागंदा झाल्ती, काहींना धरून नेलं असावं. इंग्रजांनी पहिल्यांदा तंबाखू, कापूस लावला. मंग ऊस."

बाबा वळले. आई-बाबांनी वर्षानुवर्षं पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडी केली होती. मी चालायला शिकले ती फडातच.

"तोडायचं कोण?"

हे सांगणं मी टाळत होते. "आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. त्यांची लेकरंही गुलामच."

त्यांनी भावाला हाक मारली. आता 'जाऊ नको' म्हणणार, असं मला वाटलं.

"तुझ्यापाशी दुखणं घेऊन येणारी माणसं कोणाची हायेत, ते बहिणीकडून बराबर ऐकून घे," ते म्हणाले. "मंग जा."

भावाने तोवर तिथला पगार आणि हवामान एवढंच पाहिलं होतं. तो माझ्यासमोर बसला.

"सुटली कशी ती?"

"कायद्यानं सुटली. जमिनी मात्र बहुतेक मालकांकडंच राह्यल्या."

आठवड्याने भाऊ गेला.

परवा त्याने व्हिडिओ कॉल केला. शेजारी एक म्हातारी पेशंट होती. ती तरुणपणी ऊस तोडायची, आणि आपल्या नर्सचा बापही तोडायचा हे कळल्यावर तिला बाबांना बघायचं होतं. ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणती?" बाबांनी मला विचारलं.

"किती वर्षं तोडला, विचारतेय."

"सोळा, सांग." मी तिला इंग्रजीत सांगितलं. बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि चप्पल न घालताच बाहेर निघून गेले.