लुकलुक गुरुजींची वही

टॉर्चचा उजेड मंद दिसला की लोक सेल बदलतात. आमचे लुकलुक गुरुजी आधी अंतर विचारायचे.

कापडे गावच्या शाळेतून निवृत्त झालेला हा काटकुळा माणूस भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात नाटक उभं करायचा. दोन सारखे टॉर्च, दोन शेतकरी. एक जवळ, एक पार ओढ्याकाठी. दोघांनी एकाच लयीत उघडझाप करायची. एकदा बघ्यांतली पार्वतीआक्का ओरडली, “गुरुजी, लांबच्याचे सेल गेले!”

“गेले नाय गो, टॉर्च लांब हाय!” गुरुजी नाचलेच. मग समजावलं. काही तारे ठरावीक लयीत उजळतात, मंदावतात. लय जितकी संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. दोन दीर्घिकांत, म्हणजे दोन आकाशगंगांत, एकाच लयीचे तारे सापडले, तर मुळात ते सारखेच. त्यातला एक दुसऱ्याच्या पाव उजेडाचा दिसला, तर त्याची दीर्घिका दुप्पट लांब.

“म्हंजे मुंबैला गेलेला माझा पोरगा मंद नाय, लांब हाय!”

“आक्का, तुझा जवळ होता तेव्हाही मंदच होता,” गुरुजी म्हणाले.

गरुड तारकासमूहात त्यांचा स्वतःचा असा एक तारा होता. साध्या डोळ्यांना दिसणारा, आठवड्याभराच्या लयीचा. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड ते वहीत लिहायचे. “बघ, ताड, लिही,” एवढीच त्यांची पोथी.

एके वर्षी म्हणाले, “एकच मंदावला तर ताऱ्याचा गुण. सगळेच मंदावले, म्हणजे माझे डोळे चालले.” काचबिंदू होता. लेक सुनंदा त्यांना मुंबईला घेऊन गेली. वही त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे, म्हणजे माझ्याकडे आली. महाडात माझं भांड्यांचं दुकान. वरच्या गच्चीवरून मी तारा बघायचो आणि त्याचा उजेड गुरुजींना फोनवर सांगायचो.

एकदा आभाळ भरलेलं. मी ठोकून दिलं, “झकास उजळलाय, गुरुजी!”

“आज तो तळाला, अगदी मंद असायला हवा.” मग म्हणाले, “दिसला नाही तर ‘ढग’ लिही. माझे डोळे तू आहेस रे. खोटं बघू नकोस.”



पुढे फोनवर गुरुजींचा आवाज खोल जाऊ लागला. लय मात्र तीच. “बघितलंस? ताडलंस? लिहिलंस?” शेवटी तेही ऐकू येईना. सुनंदा म्हणाली, “दादा, बाबांचा आवाज गेला हो.”

“गेला नाही गं...” पुढचं मला म्हणता आलं नाही.

कार्तिकात गुरुजी गेले. त्या संध्याकाळी सवयीने गच्चीवर गेलो. आभाळ लख्ख होतं. गरुडातले सगळेच तारे एकदम मंदावलेले दिसले.

मी वहीत ‘ढग’ लिहिलं.