फळ्यांमधल्या फटी

खाडीकाठी ओढून ठेवलेली एक जुनी शिडाची होडी विकायची होती. ती बघायला माझा मित्र विलास मला घेऊन गेला, कारण माझं लहानपण होड्यांतच गेलं. मी फळ्या ठोकत गेलो. सगळीकडे आवाज भरीव येत होता. खरं सांगतो, एखादी फळी कुजलेली निघावी असं मला वाटत होतं. अशी होडी घेण्याबद्दल मी वर्षानुवर्षं नुसतं बोललो, आणि हा घ्यायला निघालाही.

विलास आत चढला. "अरे, फटींतून खालची वाळू दिसतेय. हिच्यात बसलो तर बायको सुटेल माझ्या तावडीतून." तो हसला, पण चेहरा उतरला होता. "तू नको म्हण, मी विषय सोडतो."

उन्हात लाकूड आकसतं. दोन दिवस पाण्यात राहिलं की फुगतं आणि फटी बुजतात. हे त्याला माहीत नव्हतं. मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की झालं. मत्सराला किती थोडं पुरतं.

शेवटी मी सांगितलं. त्याने मला मिठी मारली. "पहिल्या फेरीला तू हवास."

"येईन," मी म्हणालो. त्याच्या खांद्यावरून मी होडीकडेच बघत होतो.